नाक माझं, मलम शेजाऱ्यांचं

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला झटका आला नव्हता. आमच्या गल्लीत अजूनही चारजण शपथेवर सांगतील की तिसऱ्या मजल्यावरच्या सुचित्राबाईंना भरदुपारी सोनाराच्या दुकानात झटका आला, तोंड वाकडं झालं, आणि देवाची कृपा म्हणून वाचल्या. देवाला उगाच मध्ये आणायचं कारण नाही. ते मलम होतं.

सुरुवात केली माझ्या नणंदेने. राजलक्ष्मी दादरला राहते. तिच्या मुलाचं, सिद्धांतचं लग्न वैशाखातलं ठरलं आणि मार्गशीर्षात ती पेढे घेऊन गिरगावात आमच्याकडे आली. मी केलेली दोन थालीपिठं खाल्ली, तिसरं नको नको म्हणत खाल्लं, आणि मग माझ्या कपाटाकडे बघत म्हणाली, "वहिनी, आईची ती मोत्यांची नथ आमच्या होणाऱ्या सुनेला, इरावतीला घालू या का लग्नात? तुमच्याकडे नुसतीच पडून आहे. आणि तुम्हाला आता तिचा काय उपयोग?"

यातला 'आता' तिने अगदी हळू म्हटला. हे जाऊन सहा वर्षं झाली. मला मूलबाळ नाही. त्यामुळे माझ्या घरातली प्रत्येक वस्तू पडूनच असते, असा नातेवाइकांचा समज आहे. मीसुद्धा त्यातच आले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "उपयोग आहे," मी म्हटलं. "मी घालणार आहे. सिद्धांतच्या लग्नात."

"तुम्ही?" तिचा घास हातातच राहिला. "अहो, पण तुमचं नाक कुठे टोचलंय?"

"टोचणार."

"इंजेक्शन म्हटलं की तुम्ही दादाच्या अंगावर चक्कर येऊन पडायचात, वहिनी!"

"तेव्हा दादा होता पडायला. आता सरळ बसेन."

"आणि नाही जमलं तर?"

"तर नथ इरावतीची," मी म्हटलं. रागात माणूस काय बोलेल सांगता येत नाही. पण बोलले ते बोलले. मी विमा कंपनीत चौतीस वर्षं काढलीत. दिलेल्या शब्दाला शेपूट फुटू देत नाही.

आता त्या नथीबद्दल थोडं सांगायला हवं. हल्ली सगळ्याजणी चापाच्या नथी घालतात. नाकाला चिमटा लावायचा आणि फोटो संपला की काढून पर्समध्ये टाकायचा. माझ्या लग्नातही तसलीच होती. ह्यांनी मला घास भरवला तेव्हा ती सुटून जिलेबीवर पडली आणि ह्यांनी जिलेबी समजून जवळजवळ खाल्लीच होती. सासूबाईंची नथ तशी नाही. तिला तार आहे, आणि तारेला नाकात भोक लागतं. सासूबाईंनी ती माझ्या हातात ठेवून सांगितलं होतं, "नाक टोच आणि घाल." मी म्हटलं, उद्या. तो उद्या काही उजाडला नाही, कारण मी जगात कोणाला घाबरत नाही, साहेबाला नाही, युनियनला नाही, पण सुई दिसली की माझी पाचावर धारण बसते.

तरी दुसऱ्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हेरंब सोनाराकडे गेले. तो म्हणाला, "मावशी, काही नाही हो. मुंगी चावल्यासारखं होईल," आणि सुई दाखवली. ज्या मुंगीची सोंड एवढी असते ती मुंगी राणीच्या बागेत ठेवायला हवी. मी तिथल्या तिथे स्टुलावर बसले. त्याने पंखा लावला, पाणी दिलं आणि म्हणाला, "हल्ली लोक बधिर करायचं मलम लावून येतात. तुम्हीपण या लावून. पण त्यातलं मला काही विचारू नका, डॉक्टरला विचारा."

मी सरळ औषधाच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "चिठ्ठी?"

"नाकाला लावायचं मलम हवंय. त्याला कसली चिठ्ठी?"

"डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय नाही मिळणार, आजी."

आजी! आणि शिवाय कागद नाही म्हणून परत! अपुऱ्या कागदांसाठी मी जन्मभर लोकांना परत पाठवलं, त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं, पण समोरच्या बाजूला उभं राहिल्यावर काउंटर किती उंच असतो ते कळलं. आमचे नेहमीचे डॉक्टर लेकीकडे नाशिकला गेलेले. आठवड्याने येणार होते. आठवडा थांबायला काय हरकत होती, असं तुम्ही विचाराल. हरकत काहीच नव्हती. पण मी शेजारी बोलून बसले.

शेजारच्या आनंदीबाई ऐंशीच्या आहेत. त्या म्हणाल्या, "मलम कसलं गं? माझं नाक बाभळीच्या काट्याने टोचलं होतं. वर लोणी लावलं. संपलं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण सुचित्रा, नथ म्हणजे... तुझ्यासारखीने... म्हणजे मला काही नाही हो, पण लोकं..."

"माझ्यासारखीने म्हणजे कशीने?" मी विचारलं.

"काही नाही बाई. चांगली दिसेल तुला," त्या घाईघाईने म्हणाल्या आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेल्या. कुकर लावलेलाच नव्हता.

हे सगळं जिन्यात उभं राहून ऐकलं मनमोहनरावांनी. मनमोहनराव वरच्या मजल्यावर राहतात. नोकरीभर गोदीत माल मोजला आणि निवृत्त झाल्यावर फोनवर व्हिडिओ बघून डॉक्टर झाले. बिल्डिंगमधल्या प्रत्येक गुडघ्यावर त्यांचा इलाज झालेला आहे. ते म्हणाले, "वहिनी, चिठ्ठी कसली मागता? आमच्या सुनेने लेझरने केस काढायच्या वेळी आणलेलं ते मलम अर्धं शिल्लक आहे. तेच सगळे लावतात."

त्यांनी ट्यूब आणली. मी सवयीने आधी तारीख बघितली.

"ही तर गेल्या दिवाळीत संपलीय."

"कंपनीवाले मुद्दाम जवळची तारीख टाकतात हो. धंदा आहे त्यांचा."

"आणि आतला माहितीचा कागद?"

"तो टाकला. कोण वाचतं एवढं बारीक?"

मी वाचते! मी जन्मभर ग्राहकांना सांगत आले, की बारीक अक्षरं आधी वाचा. पण त्या दिवशी मला राजलक्ष्मीचा 'आता' ऐकू येत होता, आणि तो ऐकू आला की माझं डोकं चालत नाही.

"किती लावायचं?" मी विचारलं.

"साधं गणित आहे. जास्त लावलं की जास्त बधिर," मनमोहनराव म्हणाले. "आणि सुई आरपार जाणार ना? मग नाकाच्या आतूनही लावा."

मला ते पटलं. सांगायला लाज वाटते, पण पटलं. मी बोटाने भरभरून लावलं. नाकावर, नाकात, शेजारी गालावर, वरच्या ओठाच्या वरपर्यंत. वरून प्लॅस्टिक लावायचं असतं एवढं मात्र मनमोहनरावांना खरं माहीत होतं. त्यांनी घरून पोळ्या गुंडाळायचं पातळ प्लॅस्टिक आणून माझ्या तोंडावर ओढून बसवलं. आरशात मी फ्रिजमध्ये ठेवलेल्या अर्ध्या कलिंगडासारखी दिसत होते. अशा अवतारात रस्त्याने जायचं म्हणून वर मास्क चढवला आणि निघाले. हात धुवायला विसरले.

मास्कच्या आत गरम श्वास, बाहेर दुपारचं ऊन. नाक कोपऱ्यावरच बधिर झालं. वा, म्हटलं, अर्धं काम झालं. मग मलम वितळून खाली यायला लागलं. आधी वरचा ओठ गेला, मग खालचा. जिभेला कडू लागलं म्हणून गिळलं, तर घसाही गेला. म्हणजे होता जागेवरच, पण मला लागेना. घाम डोळ्यात गेला म्हणून तोच हात डोळ्याला चोळला. डोळा आधी झोंबला, मग त्याची पापणी जड होऊन खाली आली आणि पाणी वाहायला लागलं. डोकंही हलकं हलकं झालं होतं. पण मागे वळायचा विचार? छे. मी तशीच दुकानात शिरले, मास्क आणि प्लॅस्टिक काढलं आणि स्टुलावर ताठ बसले.

हेरंब गिऱ्हाइकात होता. त्याने न बघताच माझ्यापुढे चहा ठेवला. मी मोठा घोट घेतला. गरम आहे हे मला कळलंच नाही, आणि अर्धा चहा ओठाच्या कोपऱ्यातून ओघळून नव्या इरकलीवर गेला. पुसावा म्हणून रुमाल शोधत होते, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"वहिनी?"

राजलक्ष्मी! इरावतीच्या मंगळसूत्राच्या वाट्या पसंत करायला नेमकी त्याच दुकानात. अख्ख्या गिरगावात तिला दुसरा सोनार मिळाला नाही.

मी म्हणणार होते, "काही नाही गं, सहज आले होते." तोंडातून निघाला एक लांबलचक हुंकार आणि उरलेला चहा. एक डोळा मिटलेला, त्यातून पाणी, ओठ लोंबलेले. राजलक्ष्मीच्या हातातली पिशवी खाली पडली.

"अगं बाई! वहिनीला झटका आला! धावा हो कोणीतरी!"

मी जोरजोराने मान हलवली. हेरंब म्हणाला, "बघा, मानेलाही झटके येतायत." मग काय विचारता! शेजारचा फरसाणवाला आला, छत्र्या दुरुस्त करणारा आला, चौघांनी मला स्टुलासकट उचललं आणि टॅक्सीत घातलं. एक चप्पल दुकानात राहिली. टॅक्सीत राजलक्ष्मीने माझा हात इतका घट्ट धरला की माझी बांगडी रुतली. ती रडत होती. खरंच रडत होती, नाक ओढत, काजळ पसरवत. "मी नथ मागितली म्हणून झालं का हो हे? ठेवा ती नथ. मला नको. फक्त एक शब्द बोला, वहिनी."

मला भरून आलं. आणि खोटं कशाला बोलू, ते 'ठेवा ती नथ' मी नीट लक्षातही ठेवलं.

हॉस्पिटलात आम्हाला लगेच आत घेतलं. डॉक्टर मधुरा म्हणून एक चुणचुणीत मुलगी होती. ती माझ्या चेहऱ्यापाशी वाकून म्हणाली, "आजी, हसून दाखवा."

एका दिवसात दुसऱ्यांदा आजी. अंगावर चहा, एका पायात चप्पल, समोर नणंद. हसण्यासारखं त्यात काय होतं? मी हसले नाही.

"हसता येत नाहीये," मधुराने नर्सला सांगितलं. "आजी, दोन्ही हात वर करा."

ते मात्र मी झटकन केले, चांगले छताकडे. मधुराच्या कपाळाला आठी पडली. तिने माझ्या गालाला हात लावला, मग स्वतःच्या बोटांकडे बघितलं, वास घेतला. "हे पांढरं काय आहे?"

मी राजलक्ष्मीकडे बघितलं. हिच्यासमोर सांगायचं? की मी सुईला इतकी घाबरते की अर्धी ट्यूब तोंडाला फासून आले? हे कळलं की दादरपासून काळाचौकीपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना संध्याकाळच्या आत कळणार.

"सांगितलं नाहीत तर आता डोक्याचा स्कॅन करायला नेते," मधुरा म्हणाली. "आणि त्याआधी हातात सुई लावावी लागेल."

"मऽऽलम," मी म्हटलं.

"कसलं मलम?" राजलक्ष्मीने विचारलं.

मग सगळं सांगावं लागलं. लोंबत्या ओठांनी, लाळ पुसत, नाक, नथ, मनमोहनराव, लेझर, प्लॅस्टिक. डॉक्टर मधुरा आधी हसली आणि मग अशी चिडली की बोलायची सोय नाही.

"तुम्हाला कल्पना आहे का काय केलंत ते? हे मलम त्वचेवर लावायचं असतं, नाकाच्या आत नाही. आत लावलं की ते घशात उतरतं. घसा बधिर असताना चहा प्यायलात, तो श्वासनलिकेत गेला असता तर? गरम लागलं नाही म्हणून ओठ पोळलाय, बघा, फोड येतोय. डोळ्याला तर अजिबात लागू द्यायचं नसतं. आणि इतकं मलम अंगात भिनलं तर चक्कर येते, हृदयाचे ठोके बिघडतात. अर्धी ट्यूब! ती पण मुदत संपलेली, ती पण दुसऱ्याची!"

तिने डोळा धुवायला लावला, चेहरा पुसून घेतला, छातीला वायरी लावल्या, आणि सांगितलं की संध्याकाळपर्यंत इथेच पडून राहायचं, घसा जागेवर येईपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. नोंदणीच्या खिडकीवरचा माणूस कागद घेऊन आला. म्हणाला, "सोबत पुरुष नातेवाईक कोणी आहे का सहीला?" मी कागद ओढून घेतला आणि स्वतः सही केली. माझं नाक, माझी सही.

तो गेल्यावर राजलक्ष्मीचं रडू संपलं आणि राग सुरू झाला. "नथीसाठी जिवावर उठलात, वहिनी? एवढा हट्ट? आणि लोक काय म्हणतील याचा तरी विचार करा. दादा गेल्यानंतर तुम्ही अशी..." ती थांबली.

"थांबलीस का? म्हण ना पुढे."

ती खाली बघायला लागली.

"तुझा दादा गेला," मी म्हटलं. ओठ अजून ऐकत नव्हते, प्रत्येक शब्दाबरोबर लाळ गळत होती, पण मी बोलले. "माझं नाक नाही गेलं. ते इथेच आहे. ते मी टोचणार, त्यात नथ घालणार, आणि तुझ्या मुलाच्या लग्नात पहिल्या रांगेत बसणार. ज्यांना बघवणार नाही त्यांनी डोळ्याला मनमोहनरावांचं मलम लावावं."

वायरींच्या पलीकडे मधुरा फाइलमध्ये तोंड खुपसून हसत होती. घसा मोकळा झाल्यावर पहिलं पाणी राजलक्ष्मीनेच पाजलं, चमच्याने, आणि माझी दुसरी चप्पलही तिनेच हेरंबकडून आणून दिली.

पोळलेला ओठ बरा झाल्यावर मी मधुराच्या दवाखान्यात रीतसर गेले. तिने माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या बघितल्या, कसली ॲलर्जी आहे का विचारलं, नाकावर जखम नाही ना ते तपासलं, आणि चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी मी औषधाच्या दुकानात काउंटरवर अशी आपटली की त्याच्या खोकल्याच्या गोळ्यांची बरणी हलली. "बाहेरून, वाटाण्याएवढं," मधुराने सांगितलं होतं. "वर प्लॅस्टिक, तासभर, मग पुसून टाकायचं. हात धुवायचे. आतून काही लावायचं नाही. आतून थोडं दुखेल, ते सोसायचं."

वाटाण्याएवढं! मी पोळपाटावर खरोखरचा वाटाणा ठेवून मलम मोजलं. लावलं, हात धुतले, खुर्चीत बसले. आनंदीबाई समोर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. मनमोहनराव केस वाळवायचं मशीन घेऊन खाली आले. म्हणाले, "वहिनी, गरम हवा दिली की लवकर चढतं. व्हिडिओत दाखवलंय."

"गरम दिलं की नको तितकं अंगात भिनतं, मनमोहनराव," मी म्हटलं. "त्याने तुमचं डोकं वाळवा."

"डॉक्टर लोक घाबरवतात हो."

"जिन्यात जा!" ते गेले. जपमाळेच्या आड आनंदीबाई खुदकन हसल्या.

हेरंबने माझ्यासमोर नवीन सुई पाकिटातून काढली. मी तिच्याकडे बघितलं. चांगलं डोळे उघडून बघितलं. बाहेरून काहीच कळलं नाही. आतून मात्र असं दुखलं की माझी 'आई गं' ठाकुरद्वारच्या नाक्यापर्यंत गेली असेल. पण मी स्टुलावरच होते. ह्यांचा हात नव्हता आणि मी सरळ बसले होते. हेरंबने सोन्याची बारीक तार अडकवली आणि आरसा पुढे धरला. मी बराच वेळ बघत राहिले. मग थोडं रडले, पण ते दुखण्याचं नव्हतं.

लग्न दादरच्या हॉलमध्ये झालं. तोवर नाक छान बरं झालं होतं. मी सासूबाईंची नथ घातली, मोरपंखी पैठणी नेसले आणि ठरल्याप्रमाणे पहिल्या रांगेत बसले. मागे कुजबुज झाली. मी मागे वळून बघितलं, मग थांबली. राजलक्ष्मी चापाची नथ घालून मिरवत होती. ती नथ मंगलाष्टकांत अक्षतांत पडली. व्याह्यांच्या पाया पडताना सतरंजीवर पडली. पंगतीत वाढताना मठ्ठ्यात पडली, ती पळीने काढावी लागली.

जेवणानंतर राजलक्ष्मी हळदीकुंकवाचं तबक घेऊन बायकांच्या रांगेतून फिरायला लागली. गेली सहा वर्षं मला हे पाठ झालंय. माझ्यापाशी आलं की तबकाला अचानक घाई होते आणि ते शेजारणीकडे जातं. मी मांडीवर हात ठेवून बसले. मान मात्र खाली घातली नाही. ती माझ्यासमोर आली आणि थांबली. शेजारच्या आनंदीबाईंनी श्वास रोखला. मागच्या रांगेतल्या दोघीतिघी उठून बघायला लागल्या.

"वहिनी," राजलक्ष्मी म्हणाली, चांगली मोठ्याने, "चेहरा जरा वर करा. कुंकू नथीवर सांडेल."

मी चेहरा वर केला. तिने हळद लावली, कुंकू लावलं. या वेळी मलम न लावताच माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

ती पुढे जाईल असं मला वाटलं. ती वाकली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "वहिनी, टोचताना फार दुखतं का हो?"

"बाहेरून नाही. आतून दुखतं."

"ही मेली चापाची माझा जीव खातेय आज. तुमचं ते मलम उरलंय का थोडं?"

"उरलंय."

"मग द्या ना मला."

"अजिबात देणार नाही," मी म्हटलं. "दुसऱ्याचं मलम लावायचं नसतं. मंगळवारी मधुराकडे चल, तुझी चिठ्ठी तू घे. मी येते तुझा हात धरायला."